पक्षाघातातील गिळण्याचा विकार व खोकला

पक्षाघातानंतर (मेंदूचा झटका) अनेक रुग्णांच्या गिळण्याच्या क्रियेत बिघाड होतो. अशा वेळी अन्न, पाणी किंवा लाळ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरण्याचा संभव असतो. आत शिरलेला पदार्थ बाहेर फेकण्याचे काम खोकला करतो. तथापि पक्षाघातात खोकलाही क्षीण होऊ शकतो. हे दोन्ही दोष एकत्र आल्यास न्यूमोनियाचा धोका वाढतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार गिळण्याचा विकार असलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचा धोका इतर पक्षाघात-रुग्णांच्या सुमारे तिप्पट, तर पदार्थ श्वासनलिकेत शिरत असल्याचे सिद्ध झालेल्या रुग्णांत सुमारे अकरापट आढळला.

शरीरक्रिया

घसा हा अन्न व श्वास यांचा सामाईक मार्ग आहे. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते व स्वरतंतू मिटतात. त्यानंतर बहुधा उच्छ्वास होतो, त्यामुळे घशात उरलेले कण आत ओढले जात नाहीत.

खोकल्याच्या तीन अवस्था असतात: खोल श्वास घेणे, स्वरद्वार मिटून छातीतील दाब वाढवणे आणि स्वरद्वार एकदम उघडून हवा वेगाने बाहेर सोडणे. गिळणे, श्वसन व खोकला यांचे नियमन करणारी केंद्रे लंबमज्जेत परस्परांजवळ असतात.

पक्षाघाताचे परिणाम

लंबमज्जेला इजा झाल्यास या तिन्ही क्रिया एकाच वेळी बिघडू शकतात. प्रमस्तिष्काच्या एका बाजूस इजा झाल्यास विरुद्ध बाजूचे श्वासपटल व पोटाचे स्नायू दुर्बल होतात. परिणामी श्वास उथळ होतो आणि खोकल्याला पुरेसा जोर मिळत नाही.

स्वरयंत्राची संवेदना मंदावल्यास पदार्थ श्वासनलिकेत शिरूनही ठसका लागत नाही. यास मूक शिरकाव म्हणता येईल. त्यामुळे ठसका न लागणे हा सुरक्षित गिळण्याचा पुरावा ठरत नाही. जेवताना किंवा त्यानंतर आवाज ओलसर, घरघरता होणे, वारंवार ताप येणे व धाप लागणे ही लक्षणेही विचारात घ्यावी लागतात.

तपासणी

तोंडावाटे अन्न, पाणी वा औषध देण्यापूर्वी गिळण्याची प्राथमिक चाचणी केली जाते. एका प्रचलित चाचणीत रुग्णास सुमारे ९० मिलिलीटर पाणी न थांबता प्यावयास देतात. मूक शिरकाव अशा चाचणीतून निसटू शकतो. त्याच्या निदानासाठी बेरियममिश्रित पदार्थ गिळतानाचे क्ष-किरण चित्रण किंवा नाकातून दुर्बीण घालून केलेली तपासणी उपयुक्त ठरते.

रुग्णास मुद्दाम खोकावयास सांगून खोकल्याचा जोर मोजता येतो. तथापि हुकमी खोकला व आपोआप येणारा खोकला यांचे नियंत्रण वेगवेगळ्या पातळ्यांवर होते. एक शाबूत असला म्हणून दुसराही शाबूत असतो असे नाही. आपोआप येणारा खोकला तपासण्यासाठी सायट्रिक आम्लाची वाफ हुंगवण्याची चाचणी वापरली जाते.

उपचार व काळजी

पाणी, चहा असे पातळ पदार्थ गिळण्यास सोपे असतात हा समज या रुग्णांबाबत चुकीचा ठरू शकतो. ते घशातून वेगाने ओघळतात आणि स्वरद्वार मिटण्यापूर्वीच आत शिरू शकतात. म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याने पदार्थाचा दाटपणा ठरवतात. रुग्णास ताठ बसवून, तो पूर्ण जागा असतानाच, लहान घास भरवले जातात. तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात पोहोचू शकतात, म्हणून दात व जीभ यांची नियमित स्वच्छता महत्त्वाची असते. गिळणे असुरक्षित असल्यास नाकातून जठरात नळी घालून अन्न दिले जाते. मात्र नळी असतानाही लाळेचा शिरकाव थांबत नाही.

प्रतिरोध असलेल्या उपकरणात श्वास घेण्याचा वा फुंकण्याचा सराव करून श्वसनस्नायूंचे बळ वाढवता येते. त्यामुळे खोकला किती सुधारतो याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. गिळण्याचे नियंत्रण मेंदूच्या दोन्ही अर्धांत असल्याने अनेक रुग्णांचे गिळणे काही आठवड्यांत सुधारते. या काळात फुप्फुसांचे रक्षण करणे हे उपचाराचे मुख्य उद्दिष्ट असते.