शिनोलीचा कांदा आणि चीनचा शेजार

मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याने निघाले की घोडेगाव मागे पडते आणि शिनोली लागते. पुढे डिंभे धरण. धरणाच्या वरच्या अंगाला भातखाचरे, खाली मंचरकडे कांदा, बटाटा, ऊस. अशा गावात बसून चीनच्या परराष्ट्र धोरणाची चर्चा कशाला, असे कुणालाही वाटेल. पण २०२५ च्या जून महिन्यात हे धोरण आंबेगाव-जुन्नरच्या शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचले होते. ते आले खताच्या बॅगेतून, किंवा खरे म्हणजे न आलेल्या बॅगेतून.

ठिबकमधून सोडायची १९:१९:१९ सारखी विद्राव्य खते टोमॅटोवाल्याला आणि द्राक्षवाल्याला ठाऊक आहेत. या प्रकारच्या खतांपैकी सुमारे ८० टक्के माल चीनमधून येतो, असे खत व्यापारी सांगतात. चीनने बंदीचा कागद काढला नाही. भारताकडे निघालेल्या मालाची तपासणीच होईना, एवढेच. तपासणी नाही म्हणून जहाज नाही, जहाज नाही म्हणून दुकानात माल नाही, आणि जो आहे त्याचा भाव चढलेला. ऑगस्टमध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा बोलणी सीमेची होती, तशी खताचीही होती. एका देशाने दुसऱ्यावर वजन कसे टाकावे, याचा हा नमुना आहे. आवाज नाही, धमकी नाही; फाईल नुसती टेबलावर पडून राहते.

आंबेगाव तालुक्याला परदेशी मालाचा विषय नवा नाही. डिंभे धरणाच्या जलाशयाला ज्यांचे नाव दिले आहे ते हुतात्मा बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. विदेशी कापडाची लॉरी अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत त्यांनी प्राण दिले. जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान शहीद झाले, तेव्हाही चिनी मालावर बहिष्काराची हाक उठली. मोबाइलमधली चिनी ॲप गेली. आयात मात्र वाढतच राहिली आणि २०२४-२५ या वर्षात ती ११३ अब्ज डॉलरवर गेली. राख्या आणि दिव्यांच्या माळा टाळणे सोपे आहे. औषधांचा कच्चा माल, यंत्रांचे सुटे भाग आणि खत कसे टाळणार?

चीनच्या सीमेला चौदा देश लागतात. या शेजाऱ्यांशी आणि थोड्या पलीकडच्यांशी तो मुख्यतः रस्ते, बंदरे, पूल आणि कर्ज यांच्या भाषेत बोलतो. श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हा सगळे खापर चीनवर फोडण्यात आले. ते पूर्ण खरे नाही. आंतरराष्ट्रीय बाजारातल्या रोख्यांचे देणे चीनच्या कर्जापेक्षा मोठे होते. त्या संकटात भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली, हेही विसरता कामा नये.

पाकिस्तानात २०१५ मध्ये ४६ अब्ज डॉलरच्या महामार्ग-बंदर योजनेचा गाजावाजा झाला. तिचे टोक म्हणजे ग्वादर. त्याच ग्वादरमध्ये २०२१ च्या अखेरीस मच्छीमारांची कुटुंबे रस्त्यावर आली. मागणी काय, तर प्यायला पाणी, जागोजागच्या तपासणी नाक्यांपासून सुटका आणि समुद्र ओरबाडणाऱ्या मोठ्या ट्रॉलरना बंदी. बुरखा घेतलेल्या स्त्रिया हजारोंनी मोर्चात आल्या. अब्जावधींचे बंदर दारात, आणि घरात पाण्याचा हंडा रिकामा.

आपल्या वाचकांच्या मनातला प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइघूर मुसलमानांचे काय? ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने अहवाल काढला आणि तेथे मानवतेविरोधी गुन्हे घडले असण्याची शक्यता नोंदवली. ६ ऑक्टोबर रोजी जिनिव्हात प्रस्ताव आला तो फक्त या अहवालावर चर्चा करावी, एवढाच होता. तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. विरोधात मत देणाऱ्यांत पाकिस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिरात होते. नेपाळही होता. मलेशिया आणि भारत तटस्थ राहिले. मुस्लिम देशांपैकी सोमालिया चर्चेच्या बाजूने उभा राहिला. ज्याच्या पदरी धड बंदर नाही, पैसा नाही, त्याने हात वर केला! उम्मतच्या नावाने भाषणे देणाऱ्यांची ही मतांची यादी आम्हाला वाचताना जड गेली. शेजाऱ्याकडून उसने घेतल्यावर त्याच्या घरातल्या रडण्याकडे कान बंद करावे लागतात, ही गोष्ट वाड्या-वस्त्यांतल्या बायकांनाही कळते.

पण चीनचा शिरकाव केवळ त्याच्या पैशाने होतो असे म्हटले की आपण मोकळे होतो. तसे नाही, आणि याची साक्ष आपला कांदा देतो.

जगात सर्वाधिक कांदा पिकवणारे दोन देश म्हणजे भारत आणि चीन. आणि आपल्या कांद्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कित्येक वर्षे बांगलादेश राहिले. ओतूर, आळेफाटा, मंचरच्या बाजारात दहा किलोला काय भाव फुटतो, याचा धागा ढाक्याच्या स्वयंपाकघराशी बांधलेला असे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने अचानक निर्यात बंद केली. पुढच्याच आठवड्यात दिल्लीत आलेल्या शेख हसीना हसत हसत म्हणाल्या की, मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हणून सांगितले आहे. आधी कळवले असते तर बरे झाले असते. त्या वर्षी बांगलादेशाला विमानाने कांदा आणावा लागला. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंदी आली. सीमेवर ट्रक अडकले, माल सडला. ८ डिसेंबर २०२३ ला तिसरी बंदी आली, ती मे २०२४ पर्यंत चालली. दर वेळी ढाक्याच्या व्यापाऱ्याने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, पाकिस्तान आणि चीनकडे तोंड वळवले. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल हदीसमध्ये किती ताकीद आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. शहरात कांदा महागला की सरकार घाबरते, हे आम्ही समजू शकतो. पण बंदीची शिक्षा दोघांना होते, बराखीत कांदा भरून बसलेल्या इथल्या शेतकऱ्याला आणि ईदच्या सालनाला कांदा शोधणाऱ्या तिथल्या बाईला.

चीन अशा वेळी काय करतो ते पाहण्यासारखे आहे. जुलै २०२० पासून त्याने बांगलादेशाच्या ९७ टक्के वस्तूंवरचे आयात शुल्क माफ केले. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्ता पालटली आणि भारताने व्हिसा आखडले. कोलकात्याच्या दवाखान्यांत येणारे बांगलादेशी रुग्ण थांबले. मार्च २०२५ मध्ये त्यातल्या काहींचा पहिला गट उपचारांसाठी चीनमधल्या कुनमिंगला उतरला. कोलकात्यात निदान बोली तरी एक होती. कुनमिंगला जायचे तर विमान आणि दुभाषी दोन्ही लागतात, तरी माणसे गेली.

१ एप्रिल २०२५ पासून केंद्राने कांद्यावरचे उरलेले २० टक्के निर्यात शुल्कही काढून टाकले. दार पूर्ण उघडे झाले. एव्हाना बांगलादेशाने स्वतःच्या शेतकऱ्याला हाताशी धरून कांदा लागवड वाढवली होती, आणि त्या हंगामात त्याने आयातीचे परवाने बराच काळ रोखून धरले. आंबेगाव-जुन्नरच्या बराखींतला उन्हाळी कांदा पावसाळाभर गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिला.