गंजलेला सांगाडा ते ४०० हॉर्सपॉवर : अमेरिकेत लोक घरच्या गॅरेजमध्ये मसल कार बनवतात तरी कशी?

ही रील तुमच्याही फीडवर येऊन गेली असणार. पहिल्या सेकंदाला शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून राहिलेली एक गाडी दिसते. टायर जमिनीला चिकटलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला, पत्र्याला हात लावला तर हातात येईल अशी अवस्था. साठाव्या सेकंदाला तीच गाडी काळीभोर, चकचकीत होऊन घराच्या दारातून बाहेर पडते आणि तिच्या आवाजाने फोनचा स्पीकर फाटायला येतो. खाली कमेंट ठरलेली असते, "भावा, हे आपल्याकडे जमेल का?"

त्या कमेंटचं उत्तर शेवटी बघूच. पण रीलमध्ये जे कापलेलं असतं ते आधी बघायला हवं. पहिल्या आणि साठाव्या सेकंदाच्या मध्ये साधारण तीन-चार वर्षांचे शनिवार-रविवार असतात. हजार तासांच्या वर काम सहज जातं. आणि मुख्य म्हणजे, सुरू केलेल्या सगळ्याच गाड्या साठाव्या सेकंदापर्यंत पोहोचत नाहीत.

आधी मसल कार म्हणजे काय ते समजून घेऊ. साधी फॅमिली कार घ्यायची आणि तिच्यात गरजेपेक्षा खूप मोठं व्ही-८ इंजिन बसवायचं, एवढाच हा प्रकार. याची सुरुवात मानली जाते १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून, आणि तीही एका पळवाटेतून झाली. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियाकचा इंजिनिअर जॉन डेलोरियन आणि त्याच्या टीमने शोधून काढलं की हा नियम गाडीला लागू आहे, वरून घ्यायच्या ऑप्शनला नाही. मग त्यांनी टेम्पेस्ट लमॉन्स या साध्या गाडीवर ३०० डॉलरच्या आतला एक ऑप्शन ठेवला आणि त्यात ३८९ घन इंचांचं इंजिन देऊन टाकलं. कंपनीच्या वरिष्ठांना वाटलं ५,००० गाड्या खपतील. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

३८९ घन इंच म्हणजे किती? साधारण ६,३७५ सीसी. त्याला आठ सिलिंडरने भागा, एका सिलिंडरला ७९६ सीसी येतात. म्हणजे आपल्याकडच्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन जेवढं होतं, तेवढा जीटीओचा एक सिलिंडर. अशी आठ एका बॉनेटखाली.

पुढे फोर्ड मस्टँग, शेवरले कमॅरो, डॉज चार्जर अशी रांगच लागली. 'फास्ट अँड फ्युरिअस'मध्ये डॉमच्या घरच्या गॅरेजमध्ये उभी असलेली काळी गाडी म्हणजे १९७० ची चार्जरच. पण हे सगळं दहाएक वर्षंच टिकलं. १९७० चा क्लीन एअर अॅक्ट, तरुण पोरांच्या गाड्यांचा वाढलेला विमा आणि १९७३ चं तेलसंकट यांनी मसल कारचा जमाना संपवला. नंतर याच गाड्या सेकंडहँड बाजारात स्वस्तात विकल्या गेल्या, कॉलेजच्या पोरांनी त्या पिदडल्या आणि मग त्या कुठेतरी कोपऱ्यात गंजत पडल्या.

आज त्या पुन्हा उभ्या राहतात यामागे पहिलं कारण आकड्यांचं आहे. १९६९ या एका मॉडेल वर्षात २,४३,०८५ कमॅरो बनल्या होत्या. एवढ्या गाड्या आणि एवढे हौशी म्हटल्यावर पार्ट बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. दाराच्या रबरापासून डॅशबोर्डपर्यंत सगळं नवीन मिळतं. इतकंच काय, पहिल्या पिढीच्या कमॅरोची आणि मस्टँगची अख्खी बॉडी आज कोरी करकरीत विकत मिळते. दुसरं कारण म्हणजे या गाड्या सोप्या आहेत. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, मोजक्या वायरी. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, आणि बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या बाजूने हात घालायला भरपूर जागा.

आधी कागद, मग गाडी

नवखा माणूस गाडी बघायला गेला की इंजिन बघतो. जाणकार आधी कागद बघतो. अमेरिकेत गाडीच्या मालकीच्या कागदाला टायटल म्हणतात आणि त्यावरचा व्हीआयएन, म्हणजे आपल्या भाषेत चेसिस नंबर, गाडीवरच्या पट्टीशी जुळला पाहिजे. कोरी बॉडी विकत घेऊन तिच्यावर जुन्या गाडीची नंबरपट्टी चिकटवायचा मोह अनेकांना होतो. पण व्हीआयएन काढणं किंवा त्यात फेरफार करणं हा तिथे थेट फेडरल गुन्हा ठरू शकतो. चार वर्षं घाम गाळून बनवलेली गाडी अशा घोळात जप्तही होऊ शकते.

दुसरी गंमत नकली गाड्यांची. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ ही कागदोपत्री एक ऑप्शन होती, त्यामुळे नुसत्या व्हीआयएनवरून ती खरी जीटीओ आहे की बिल्ले लावलेली साधी लमॉन्स, हे कळतच नाही. त्यासाठी कंपनीच्या जुन्या नोंदी काढाव्या लागतात. 'नंबर्स मॅचिंग' हा शब्दही इथलाच. इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी जुळला, म्हणजे इंजिन मूळचंच निघालं, तर किंमत कितीतरी वाढते.

म्हणूनच मनासारखी गाडी बनवायची असेल तर शहाणी माणसं मुद्दाम 'सामान्य' गाडी शोधतात. १९६९ च्या झेडएल-१ कमॅरो फक्त ६९ बनल्या होत्या. अशी गाडी सापडली आणि तिच्यावर कटर चालवला, तर तो करंटेपणाच म्हणायचा.

खरी लढाई पत्र्याशी

गाडी घरी आली की ती खोलायची. हे काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात धोक्याचं. सोपं, कारण दोन वीकेंडमध्ये गाडीचा सांगाडा उरतो. धोक्याचं, कारण त्यानंतर गॅरेजभर पसरलेले शेकडो नट-बोल्ट कुठले, हे सहा महिन्यांनी ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि खोलण्याआधी फोटो. एवढं ज्याने केलं नाही त्याची गाडी बहुतेक वेळा 'अर्धवट प्रोजेक्ट, सगळे पार्ट सोबत' अशा जाहिरातीत दिसते.

मग येतो गंज. जुन्या मस्टँगचं उदाहरण घ्या. पुढच्या काचेखाली हवा आत घेण्यासाठी जाळी असते, तिच्या खाली पत्र्याचा एक बंद कप्पा. पावसाचं पाणी आणि पालापाचोळा तिथे साठतो, कप्पा आतून सडतो आणि पाणी थेट पायापाशी टपकायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही, फक्त गाडीचा फ्लोअर का सडला ते कळत नाही. फ्लोअर बदलून कप्पा तसाच ठेवला तर नवा फ्लोअरही जातो.

बाहेरचा पत्रा तपासायला लोक खिशात लोहचुंबक ठेवतात. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी आहे. लांबी म्हणजे आपले डेंटिंग-पेंटिंगवाले खड्डे बुजवायला वापरतात तीच. थोडी असेल तर ठीक. पण विकणाऱ्याने आख्खं भोकच लांबीने बुजवलेलं असेल, तर वरचा रंग कितीही सुंदर असो, पैसे गेले.

सडलेला पत्रा कापून नवा जोडताना सगळ्यात महागात पडणारी चूक घाईची. मस्टँगला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच तिचा कणा. फ्लोअर कापला की हा कणाच ढिला पडतो. म्हणून कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप वेल्ड करून बॉडी जखडून ठेवतात. हे केलं नाही तर बॉडी मधून काही मिलिमीटर बसते, आणि ते कळतं शेवटी, दार लागत नाही तेव्हा. त्यामुळे प्रत्येक पॅनल आधी नुसतं अडकवून बघायचं, दार-बॉनेट-डिकी लावून फटी मोजायच्या, मगच वेल्डिंग. तेही सलग ओढायचं नाही. पातळ पत्रा गरम झाला की लाटांसारखा वाकतो. इथे एक टाका, हातभर अंतरावर दुसरा, मग थंड होऊ द्यायचं. रील बनवणाऱ्यांना हे दाखवणं परवडत नाही, कारण यात दिसण्यासारखं काहीच नसतं.

इंजिन जुनं की नवं?

इथे हौशी लोकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, गाडी कंपनीतून निघाली तशीच पाहिजे. दुसरा म्हणतो, दिसायला १९६९ आणि चालायला आजची. या दुसऱ्या प्रकाराला रेस्टोमॉड म्हणतात आणि घरी गाडी बनवणाऱ्यांत त्याची चलती आहे.

रेस्टोमॉडचं आवडतं इंजिन म्हणजे जनरल मोटर्सचं एलएस. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ते पहिल्यांदा आलं. त्याचाच लोखंडी ब्लॉकचा ५.३ लिटरचा भाऊ कंपनीच्या पिकअप ट्रकमध्ये लाखोंनी बसला, त्यामुळे भंगारवाल्याकडे असं इंजिन सहज मिळतं. फ्युएल इंजेक्शन, सकाळी एका चावीत स्टार्ट, आणि कॅमशाफ्टसारखे थोडे बदल केले की ४०० हॉर्सपॉवर.

ऐकायला सोपं वाटतं ना? पण या इंजिनाला जास्त दाबाने पेट्रोल लागतं, म्हणून टाकीत नवा पंप. मग टाकी बदला, पेट्रोलचे पाइप बदला. इंजिनाचा कॉम्प्युटर लागतो, म्हणून नवं वायरिंग. इंजिन जुन्या जागी बसत नाही, म्हणून नवे माउंट. खालचा ऑइल पॅन गाडीच्या क्रॉसमेंबरला आपटतो, तो बदला. गिअरबॉक्स बदलला की प्रोपेलर शाफ्टची लांबी चुकते, तो कापून पुन्हा बॅलन्स करून घ्या. स्वस्तातलं इंजिन आणि त्याच्या मागे आलेली महागडी वरात, असा हा हिशोब.

आणि थांबायचं कसं?

हा प्रश्न विचारला जायला हवा सगळ्यात आधी, पण विचारला जातो सगळ्यात शेवटी. १९६५ ची मस्टँग साधारणपणे चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन यायची. ब्रेकचं सर्किटही एकच. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की पेडल थेट खाली, आणि चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन वेगळी सर्किट अमेरिकेत १९६८ पासून सक्तीची झाली. त्या काळच्या जुन्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा अपघातात दबत नाही, तो सरळ चालकाच्या छातीकडे येतो. सीटबेल्ट असले तर फक्त कमरेचे.

अशा गाडीत ४०० हॉर्सपॉवर घालणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. अनुभवी लोक क्रम उलटा ठेवतात. आधी पुढे डिस्क ब्रेक आणि दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर, मग दबणारा स्टिअरिंग कॉलम आणि खांद्यावरून जाणारे बेल्ट, त्यानंतर सस्पेन्शन. इंजिनाचा नंबर त्यानंतर. फक्त ब्रेकच्या व्हिडिओला लाइक मिळत नाहीत, ही अडचण आहे.

धोका रस्त्यावरच असतो असंही नाही. हार्डनर घातलेल्या दोन भागांच्या रंगात आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. साधा मास्क लावून घरी स्प्रे मारला तर कायमचा दमा लागू शकतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो, म्हणून बरेच जण रंगाचं काम बाहेर देतात. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असलेली द्रव्यं असतात. त्याने पत्रा पुसला आणि तो ओला असतानाच वेल्डिंग केलं, तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला विषारी वायू तो हाच.

पैशांचं म्हणाल, तर बनवायला लागलेले पैसे विकताना क्वचितच सुटतात. उलट काही वेळा हात न लावलेलीच गाडी जास्त भाव खाते. 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग २०२० च्या जानेवारीत फ्लोरिडातल्या लिलावात फी धरून सुमारे ३७ लाख डॉलरला गेली. पोचे, गंज, उडालेला रंग, सगळं जसंच्या तसं होतं.

मग आपल्याकडे जमेल का?

रेस्टोमॉड म्हणाल तर कायद्याने जवळपास नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेली मूळ रचना मालकाला मनाने बदलता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवी.

मूळ रूपात परत आणायची असेल तर मात्र रस्ता आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी ती बाहेर काढता येते.

या व्याख्येत चारशे हॉर्सपॉवरची कमॅरो बसत नाही. पण कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून साठच्या दशकात निघालेली, मूळ १,०८९ सीसी इंजिन शाबूत असलेली फियाट बसते.