जैविक अस्त्रे : कायदा कागदावर, मरण वस्तीत!

२६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्टेशनच्या गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातील अमरेंद्रचंद्र पांडे या तरुणाच्या दंडाला काहीतरी टोचले. आठ दिवसांत तो मेला. तपासणीत रक्तात प्लेगचे जंतू निघाले. या कटाचे धागे थेट मुंबईपर्यंत पोहोचले. इस्टेटीसाठी सावत्र भावाने एका डॉक्टरला हाताशी धरले होते आणि हा डॉक्टर संशोधनाच्या नावाखाली मुंबईच्या आर्थर रोडवरील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात शिरला होता. दोघांना फाशी सुनावली गेली. पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

एक माणूस मारायला एक सुई पुरली. मग राज्यसत्तेच्या हाती हेच जंतू असतील तर? १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातील स्वेर्दलोव्स्क येथे लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे जंतू बाहेर पडले. किमान ६६ माणसे मेली. सरकारने दोष दूषित मांसावर ढकलला. सत्याची कबुली १९९२ मध्ये मिळाली. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सच्या पत्रांनी पाच बळी घेतले. तपास यंत्रणेचे बोट अखेर वळले ते अमेरिकी लष्कराच्याच प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाकडे. म्हणजे कुंपणच शेत खाते!

कायदा नाही असे नाही. जैविक अस्त्रबंदीचा करार १९७२ चा. तो १९७५ मध्ये अंमलात आला. भारतानेही त्याला मान्यता दिली आहे. पण प्रयोगशाळेत जाऊन तपासणी करणारी यंत्रणाच या करारात नाही. ती आणण्याचा मसुदा २००१ मध्ये अमेरिकेने धुडकावला. आपल्या संसदेने २००५ मध्ये कायदा केला, २०२२ मध्ये अशा अस्त्रांना पैसा पुरवण्यावरही बंदी घातली. परंतु कायदा गुन्हेगाराला शिक्षा देतो. रोग्याला खाट देत नाही.

रोग निसर्गाने आणलेला असो की माणसाने सोडलेला, तो आधी कोणाच्या दारात येतो? १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची साथ आली. सुरतेतून लाखो लोक पळाले. ज्याला पळता येते तो पळतो. झोपडपट्टीतला माणूस आणि हातमोज्यांविना गटारात उतरणारा सफाई कामगार पळून जाणार कोठे?

दुसरा धोका अफवेचा. २०२० मध्ये कोरोना हे जणू मुसलमानांनी सोडलेले अस्त्र आहे, असा विखारी प्रचार झाला. तबलिगी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा बनवले गेल्याकडे बोट दाखवले. ज्यांची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, त्या आपल्या समाजाला हा डाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे बाबासाहेबांच्या संविधानाचे कलम ४७ सांगते. म्हणून चळवळीने शासनाला जाब विचारावा : धोकादायक जंतूंचा हिशेब कोण तपासतो? घाटीसारख्या रुग्णालयात पुरेशा खाटा, औषधे, तपासणीची साधने आहेत काय? सफाई कामगाराच्या संरक्षणाचे काय? मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेगग्रस्त लेकराला पाठीवर घेऊन जाणाऱ्या सावित्रीमाईंनी १८९७ मध्ये त्याच रोगाने प्राण सोडला. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी अफवेच्या मागे न जाता रुग्णाच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.