नग्गरच्या वाड्यातील एक रात्र

राजाच्या वाड्यात मुक्काम करण्याचा योग आमच्या घराण्यात आजवर कोणालाच आला नव्हता. गेल्या वर्षीच्या सहलीत हिमाचल प्रदेशातील नग्गर येथे तो मला आला. निघताना वडील एवढेच म्हणाले, "वाडा जुना हाय म्हनतोस, तर त्याचे कोपरे कसे गुंफलेत ते नीट बघून ये." वडील गवंडी आहेत.

कुल्लूच्या खोऱ्यात, बियास नदीच्या डाव्या तीरावरील डोंगर-उतारावर नग्गर वसले आहे. कुल्लूच्या राजांची ही जुनी राजधानी. तेथील वाडा राजा सिद्धसिंहाने सुमारे पाचशे वर्षांपूर्वी बांधला, असे मानतात. नदीपलीकडच्या एका पडक्या गढीचे दगड माणसांच्या रांगेतून हातोहात आणले, अशी दंतकथा आहे. पुढे इंग्रज अधिकारी तेथे राहू लागले, आणि १९७८ साली राज्याच्या पर्यटन महामंडळाने वाड्यात हॉटेल सुरू केले.

खोलीबाहेरच्या लाकडी सज्जातून सारे खोरे दिसत होते. सोबती फोटो काढण्यात दंग होते. मी मात्र भिंती पाहत होतो. एक थर देवदाराच्या तुळयांचा, त्यावर एक थर दगडांचा, असे थर वरपर्यंत चढत गेलेले. दगडांच्या सांध्यात चुना नाही, सिमेंट नाही. या पद्धतीला तिकडे 'काठ-कुणी' म्हणतात. म्हणजे लाकडाचा कोपरा! वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर त्या नावातच होते.

प्रत्येक लाकडी थरात दोन समांतर तुळया असतात, एक बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या. आडव्या लाकडांनी त्या एकमेकींना जखडलेल्या असतात. कोपऱ्यात दोन भिंतींच्या तुळया एकमेकींवर बसतात. भूकंपात लाकूड लवते, दगड किंचित सरकतात आणि हादऱ्याचा जोर त्यात जिरतो. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे वीस हजार माणसे दगावली. पण हा वाडा उभा राहिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आम्ही लातूर जिल्ह्याचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात आमच्या आजोबांचे घर कोसळले. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आमच्याकडच्या त्या भिंती दोन-दोन हात जाड होत्या. पण आतला व बाहेरचा थर निरनिराळा, मध्ये माती आणि कपच्या. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नव्हता! हादरा बसताच थर फाकले आणि गाढ झोपेतल्या हजारो माणसांवर दगड-माती कोसळली.

आपल्याकडे देवदार नाही, आणि हिमाचलातही आता घरासाठी तो मिळणे कठीण झाले आहे. परंतु तत्त्व तर घेता येईल: भिंतीत आरपार दगड, कोपऱ्यांची गुंफण आणि चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा.

घरी आल्यावर हे सारे वडिलांना कागदावर काढून दाखविले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "आमच्या बापाला हे कुनी सांगितलं असतं तर!" मग तो कागद घडी करून त्यांनी ओळंब्याच्या पिशवीत ठेवला.