इस्लामी विद्येचा अभ्यास आणि नागपूर

इस्लामी विद्या हा विषय विद्यापीठांत घ्यावा असें मनांत आणणारा विद्यार्थी भेटला, तर त्यास बहुधा अलीगड मुस्लिम विद्यापीठाचें किंवा दिल्लीच्या जामिया मिलियाचें नांव सांगण्यांत येतें. तेथें या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत, तेव्हां सल्ला चुकीचा नाहीं. परंतु नागपूरच्या विद्यार्थ्याला घराजवळच जें साधन आहे तें त्यास कोणी सांगत नाहीं, म्हणून हा लेख.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अरबी व फारसी शिलालेख शाखेचें मुख्य कार्यालय नागपुरास आहे. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या विद्वानानें या शाखेची धुरा अनेक वर्षें वाहिली. ज्या नगराची स्थापना औरंगजेबाच्या काळीं इस्लाम स्वीकारलेल्या देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजानें केली, तेथें हें कार्यालय असावें हा योग मोठा गमतीचा आहे.

विषयांत शिरावें तें भाषेच्या दारानें. कुराण, हदीस व फिक्ह यांसाठीं अरबी अवश्य. तवारिखा, फर्मानें व अखबार यांसाठीं फारसी. मराठी वाचकाची सोय माधव त्रिंबक पटवर्धन यांनीं 1925 सालींच फारसी-मराठी कोश देऊन केली, आणि ग. ह. खरे यांनीं ऐतिहासिक फारसी साहित्याचे खंड काढून मार्ग दाखविला. दोघांचाही घरचा व्यवहार मराठीच होता. हा विषय एका समाजाचा आहे, ही समजूत तेवढ्यावरूनच टिकत नाहीं.

या ज्ञानावांचून काय बिघडतें, याचें एक उदाहरण पुरे. मोडी कागदांत 'खमस सबैन अलफ' असें साल येतें. हे अरबी अंक आहेत: खमस 5, सबैन 70, अलफ 1000; मिळून 1075. हें शुहूर सन. हा सन हिजरी 745 मध्यें, म्हणजे इसवी 1344 सालीं, हिजरीचाच आंकडा घेऊन सुरू झाला. मात्र तो सौर, मृगाच्या आरंभीं बदलणारा. हिजरी वर्ष चांद्र, सुमारें अकरा दिवसांनीं लहान, म्हणून दोहोंत अंतर पडत गेलें. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत शुहूर आंकड्यांत 599 व पुढें 600 मिळवावे. 1075 त 599 मिळवितां 1674 येतें, म्हणजे राज्याभिषेकाचें साल. त्याच दिवशीं हिजरी 1085 चालू होतें. कोणी 1075 हा आंकडा हिजरी समजला, तर कागद 1664-65 त, पुरंदरच्या तहाच्या आगेंमागें, जाऊन बसेल! मग त्यांतील पदव्या व अधिकारी जुळत नाहींत, आणि अस्सल सनद बनावट ठरते.

वऱ्हाडांत तर दगडही बोलतात. नरनाळ्याच्या महाकाळी दरवाज्यावर बहमनी सुलतान शहाबुद्दीन महमूदशहाच्या कारकीर्दीचा लेख आहे. वर्षानुवर्षें लोक त्याखालून जातात, वाचणारा विरळा. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें असा एक लेख ठशावरून स्वतः वाचला, तर परीक्षेच्या टिपणांपेक्षां त्याला अधिक लाभेल.

ज्यांच्या संग्रहीं फारसी कागद न वाचलेले पडून आहेत, त्यांनीं ते अशा विद्यार्थ्यास पाहूं द्यावेत. मूळ हातावेगळें करूं नये, छायाचित्र पुरतें. मात्र कागदाची पाठही घ्यावी. दफ्तराच्या नोंदी व शिक्के पुष्कळदा तेथेंच असतात.