पोथीची वंशावळ

छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ टिकत असे तो नकलांमुळे. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. दोन ओळींचा शेवट सारख्याच शब्दाने होत असला, की लेखनिकाची नजर पहिलीवरून दुसरीवर घसरे आणि मधला मजकूर गळे. पुढचा लेखनिक तीच प्रत उतरवून घेई. म्हणजे सजीवांतील उत्परिवर्तनाप्रमाणे चूकही वारशाने पुढे जाई!

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले. ते १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. स. सुखटणकर हे १९२५ ते १९४३ या काळात त्याचे प्रमुख संपादक होते. या कामी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. एकच चूक अनेक पोथ्यांत आढळली, तर त्यांचा पूर्वज बहुधा एकच. या तत्त्वावर पोथ्यांची वंशावळ मांडता येते. महाभारताच्या पोथ्यांच्या उत्तरी आणि दाक्षिणात्य अशा दोन मोठ्या शाखा ठरल्या.

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ मध्ये अशा नकलांद्वारे पसरणाऱ्या कल्पनेला ‘मीम’ हे नाव दिले. मग माणूस म्हणजे कल्पनांचे केवळ वाहन काय?

पोथ्या तसे सांगत नाहीत. लेखनिक नुसते चुकत नव्हते. ते विचारही करीत. अवघड शब्दाच्या जागी सोपा घालीत, नवे श्लोक जोडीत. गणपती महाभारताचा लेखनिक झाल्याची कथा नंतरची भर ठरली व तिची जागा परिशिष्टात आली. कोणी दोन पोथ्या समोर ठेवून आवडता पाठ निवडी. त्यामुळे दूरच्या फांद्या पुन्हा एकत्र येत. घोडा आणि गाय यांच्या वंशांत असे घडत नाही.

मात्र भर घालणे लेखनिकाच्या हाती असले, तरी ती टिकवणे त्याच्या हाती नव्हते. ते पुढच्या असंख्य श्रोत्यांवर व लेखनिकांवर अवलंबून होते. वाळवी आणि ओल यांवरही! बदल कधी नकळत होतो, कधी जाणूनबुजून. निवड मात्र पिढ्यान् पिढ्या चालते.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात हा प्रयोग करून पाहा. दहा ओळींचा एक उतारा दोन रांगांत द्या. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याची प्रत पाहून भराभर नक्कल करावी. मग सर्व प्रती मिसळा आणि केवळ चुकांवरून रांगा ओळखा. कोणती चूक नजरेची आणि कोणती ‘सुधारणा’, हेही शोधा. दुसरे उत्तर मिळवताना लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल. जुन्या पोथ्यांच्या संशोधकांना ती सोय नव्हती!