रहिवास बदलला, नोंद कधी बदलते?

विद्यापीठाची हद्द : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या (स्थापना 1923) क्षेत्रात नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे येतात. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे 2011 मध्ये नव्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. त्यामुळे तिथला पदवीधर पुढील शिक्षणासाठी नागपुरात आला, तर तो दुसऱ्या विद्यापीठाचा विद्यार्थी ठरतो आणि त्याला स्थलांतर प्रमाणपत्र द्यावे लागते.

अधिवास : राज्याच्या अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणपणे महाराष्ट्रात सलग 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज करता येतो. प्रमाणपत्र महसूल विभाग देतो.

बारावीचे ठिकाण : नागपूरच्या व्हीएनआयटीत (विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) बी.टेक.च्या निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात. गृहराज्य ठरते ते बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली यावरून. मध्य प्रदेशातील छिंदवाड्यातून बारावी झालेल्या मुलाचे घर नागपुरात असले आणि हाती महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र असले, तरी येथे त्याची गणना परराज्यातच होते.

पत्ता आणि प्रवर्ग : वसतिगृह सोडून नागपुरातच धरमपेठेत खोली घेतली, तर नोंदीत फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता बदलतो. आधारवरील पत्ता बदलल्यानेही अधिवास सिद्ध होत नाही. प्रवेशाचा प्रवर्ग अर्जाच्या वेळच्या कागदपत्रांवरून ठरतो. म्हणून दाखल्यांसाठी निकालाची वाट न पाहता आधीच अर्ज करावा.